बॉम्बे हूक: बदकांसाठी राखून ठेवलेली खाडी

आजच्या भागाचं नाव वाचून अर्ध्या लोकांना वाटलं असणार की आपण भाऊच्या धक्क्यावर चाललोय. नाही. आपण चाललोय अमेरिकेत, डेलावेअर नावाच्या राज्यात. न्यू जर्सीत कुणी मामा-मावशी असतील तर त्यांना विचारा, तिथून दीड-दोन तासांच्या ड्राइव्हवर आहे. आमच्या क्षेत्रातली मंडळी डेलावेअर ओळखतात ती वेगळ्याच कारणाने: अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त मोठ्या कंपन्यांची नोंदणी या पिटुकल्या राज्यात झालेली असते. करारपत्रावर सही करताना 'डेलावेअर कॉर्पोरेशन' हे शब्द मी कितीतरी वेळा वाचलेत. पण त्याच राज्याच्या काठावर जवळपास १६,००० एकरांचं एक खाजण फक्त पक्ष्यांसाठी राखून ठेवलंय, आणि त्याचं नाव 'बॉम्बे हूक' आहे, हे मला बरंच उशिरा कळलं.

१६,००० एकर म्हणजे किती, तर साधारण ६५ चौरस किलोमीटर. आपलं ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं तेव्हा ते १७ चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. म्हणजे बॉम्बे हूक त्याच्या जवळजवळ चौपट. आणि यातला पाचातला चार हिस्सा म्हणजे भरती-ओहोटीचं खारं गवताळ खाजण. तिथे थंडी कडाक्याची, त्यामुळे आपल्यासारखी खारफुटीची झाडं नाहीत. नजर जाईल तिथवर गवत, मधून नागमोडी वळणं घेत जाणारे खाडीचे फाटे, आणि पलीकडे डेलावेअरचा उपसागर.

आधी नावाचा गुंता सोडवू. या किनाऱ्यावर युरोपातून पहिल्यांदा वस्ती करायला आले ते डच. १६३१ साली त्यांनी इथून दक्षिणेला, आज जिथे लुइस हे गाव आहे तिथे, एक वसाहत टाकली. तिचं नाव ठेवलं 'झ्वानेनडाल', म्हणजे हंसांची दरी. वर्षभरात स्थानिक लोकांशी भांडण होऊन ती वसाहत संपलीसुद्धा, पण नावावरून कळतं की त्या लोकांच्या डोळ्यांत सगळ्यात आधी काय भरलं. उत्तरेकडच्या आपल्या जागेला ते म्हणायचे 'बोम्प्येस हुक'. डच भाषेत बोम म्हणजे झाड, बोम्प्ये म्हणजे लहानसं झाड आणि हुक म्हणजे टोक किंवा कोपरा. छोट्या झाडांचं टोक. पुढे इंग्रज आले, १६६४ मध्ये त्यांनी डचांकडून हा सगळा पट्टा घेतला आणि 'बोम्प्येस'चं त्यांच्या तोंडात झालं 'बॉम्बे'. मुंबादेवीच्या मुंबईचं पोर्तुगीजांच्या तोंडी 'बोम्बाइम' आणि इंग्रजांच्या तोंडी 'बॉम्बे' झालं, तसंच. दोन वेगळी गावं, दोन वेगळ्या भाषा, आणि जीभ मात्र एकच.

आता १६७९ साल. कहानसिंक इथल्या मेकॅकसिट नावाच्या एका मूलनिवासी प्रमुखाने या खाजणातला काही भाग पीटर बेयार्ड या माणसाला विकला. हा बेयार्ड न्यूयॉर्कचा, आणि डचांचा तिथला शेवटचा गव्हर्नर स्टायव्हेसंट याचा भाचा. सौद्याची किंमत नोंदलेली आहे: एक बंदूक, चार मुठी दारू (उडवायची), तीन बंड्या, एक पिंप दारू (प्यायची) आणि एक किटली. बास. यादी संपली.

ही यादी वाचून हसू येतं, पण जरा थांबा. आपण आजच्या डोक्याने वाचतो म्हणून 'केवढ्याला फसवलं' असं वाटतं. लेनापी लोकांकडे जमिनीचा सातबारा ही कल्पनाच नव्हती. जमीन वापरायला देणं म्हणजे इथे शिकार करा, मासे धरा, आम्हीही येत-जात राहू, असा त्याचा अर्थ असायचा, असं बहुतेक इतिहासकार मानतात. बेयार्डच्या हातातल्या कागदाचा अर्थ मात्र होता: आता हे माझं, तुम्ही निघा. एकाच सौद्यात दोन बाजूंनी दोन वेगवेगळे करार केले होते. आणि लेनापी कुठे नाहीसे झाले नाहीत. बॉम्बे हूकपासून थोड्याच अंतरावर चेझवोल्ड नावाच्या गावाभोवती त्यांचे वंशज आजही राहतात. डेलावेअर राज्याने त्यांना एक जमात म्हणून अधिकृत मान्यता दिली ती २०१६ साली. सौद्यानंतर ३३७ वर्षांनी.

एक गंमत सांगतो आणि पुढे जातो. तिकडे १६७९ मध्ये किटलीच्या बदल्यात 'बॉम्बे' विकली जात होती, आणि त्याच साली इकडे खऱ्या बॉम्बेच्या तोंडाशी शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला होता. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराशी इंग्रजांची झटापट झाली आणि मराठ्यांनी त्यांचं एक गुराब धरलं. त्या गुराबाचं नाव होतं 'डोव्हर'. आणि आज बॉम्बे हूकच्या सगळ्यात जवळचं मोठं शहर, डेलावेअरची राजधानी, तिचं नाव काय? डोव्हर. याचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण माझ्यासारख्या माणसाला असं काही सापडलं की रात्रीची झोप उडते.

बरं, पुढची दोनशे वर्षं पटकन उरकू, कारण खाजणात फारसं काही बदललं नाही. शेतकरी खारं गवत कापून गुरांना घालायचे. मस्करॅट नावाचा एक केसाळ, उंदराच्या जातीचा प्राणी असतो, त्याला सापळ्यात धरून त्याची कातडी विकायचे. खेकडे, कालवं, मासे हे तर होतंच. १७५३ च्या सुमारास अली नावाच्या कुटुंबाने शेतात विटांचं एक देखणं घर बांधलं, ते अजून अभयारण्यात उभं आहे. आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदकं. ती मारायची आणि खायची, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, कारण ती संपतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात गणित बदललं. रेल्वे आली, बर्फ आला, आणि फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कच्या हॉटेलांत बदक ही चैनीची डिश झाली. घरच्यापुरती शिकार संपली आणि बाजारासाठी शिकार सुरू झाली. या भागात एक हत्यार वापरलं जायचं, पंट गन. होडीला बांधलेली, माणसापेक्षा लांब बंदूक. रात्री दिव्याच्या उजेडात झोपलेल्या थव्याच्या जवळ होडी न्यायची आणि एकच बार काढायचा. एका बारात डझनावारी बदकं पडायची, कधी त्याहून जास्त. सकाळी पिंपांत भरून गाडीत. लॅब्राडॉर डक नावाचं एक बदक याच अटलांटिक किनाऱ्यावर हिवाळ्याला यायचं; १८७० च्या दशकानंतर ते कुणाला दिसलेलं नाही. ज्या पॅसेंजर पिजन कबुतरांचे थवे एकेकाळी आकाश झाकून टाकायचे, त्यांतली शेवटची मार्था १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

आता इथे एक कायद्याचा पेच आहे, आणि तो मला फार आवडतो, कारण आमच्याकडे सिस्टिम डिझाइनमध्ये हुबेहूब असाच पेच येतो. बदकाचा मालक कोण? अमेरिकेत शिकारीचे नियम प्रत्येक राज्य आपापलं करायचं. पण बदक जन्मतं कॅनडात, उतरतं डेलावेअरमध्ये, आणि जातं आणखी दक्षिणेला. एका राज्याने बंदी घातली तर शेजारचं राज्य म्हणणार, तुम्ही सोडलेली आम्ही मारू. १९१३ मध्ये केंद्राने कायदा केला, तो न्यायालयात टिकेना. मग सरकारने काय युक्ती केली, तर १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी थेट आंतरराष्ट्रीय करार केला, आणि तो करार पाळण्यासाठी म्हणून १९१८ मध्ये नवा कायदा आणला. स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा. मिझुरी राज्य त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९२० मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला, त्याचा सारांश असा की जो पक्षी काल तुमच्या राज्यात नव्हता आणि उद्या हजार मैलांवर असेल, त्याच्यावर मालकी कसली सांगता? मिझुरी हरलं.

बेसुमार शिकारीला यामुळे चाप बसला. पण शिकार थांबवली तरी पक्षी उतरणार कुठे? दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन, ती निचरा करून शेताखाली आणा, हाच तेव्हाचा विकासमंत्र. म्हणून १९२९ च्या फेब्रुवारीत अजून एक कायदा झाला: सरकारने पाणपक्ष्यांसाठी जमिनी विकत घ्याव्यात. कायदा उत्तम. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. महामंदी. तिजोरीत खडखडाट. वर मधल्या प्रांतांत दुष्काळ आणि धुळीची वादळं, म्हणजे बदकं जिथे अंडी घालतात ती तळीच आटली. पाणपक्ष्यांची संख्या तीसच्या दशकात इतकी खाली आली की शिकारीच घाबरले.

इथे आपल्या गोष्टीत एक व्यंगचित्रकार येतो. जे नॉरवुड डार्लिंग, 'डिंग' या नावाने सही करायचा. आयोवातल्या वर्तमानपत्राचा माणूस, पुलित्झर मिळालेला, रिपब्लिकन, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या धोरणांची आपल्या चित्रांतून यथेच्छ टर उडवणारा. रूझवेल्टने काय करावं? १९३४ मध्ये त्यालाच वन्यजीव खात्याचा प्रमुख नेमलं. फार टीका करतोस ना, मग ये आणि करून दाखव. डार्लिंग त्या खुर्चीत जेमतेम वीस महिने टिकला. पण त्या वीस महिन्यांत त्याने जे काम केलं ते बघून थक्क व्हायला होतं.

सगळ्यात प्रसिद्ध काम म्हणजे डक स्टॅम्प. हे पत्राला लावायचं तिकीट नाही. १६ वर्षांवरच्या प्रत्येक शिकाऱ्याने बदकाच्या शिकारीला जायच्या आधी पोस्टात जाऊन हे तिकीट घ्यायचं आणि त्यावर सही करून खिशात ठेवायचं. तो पैसा फक्त पाणपक्ष्यांच्या जमिनीसाठी वापरायचा, दुसऱ्या कशासाठी नाही. पहिल्या तिकिटाचं चित्र स्वतः डार्लिंगनेच काढलं: पाण्यावर उतरणारी मॅलार्ड बदकांची जोडी. किंमत १ डॉलर. पहिल्या वर्षी ६,३५,००१ तिकिटं विकली गेली. त्या शेवटच्या एका तिकिटावर माझा फार जीव आहे. आज किंमत २५ डॉलर आहे आणि एकेका डॉलरमधले ९८ सेंट थेट जमिनीसाठी जातात. देशभरात यातून ६० लाख एकरांहून जास्त पाणथळ जमीन राखली गेली.

डार्लिंगला अजून पैसे हवे होते. पीटर नॉर्बेक नावाचे एक सिनेटर त्याच्या बाजूचे होते. किस्सा असा सांगितला जातो की सिनेटमध्ये घाईगर्दीत विधेयकं मंजूर होत असताना नॉर्बेक यांनी तोंडातली कवळी काढली आणि आपल्या नॉर्वेजियन वळणाच्या बोबड्या इंग्रजीत एक दुरुस्ती वाचून दाखवली. काय म्हणाले ते कुणालाच कळलं नाही, म्हणून कुणी विरोधही केला नाही. मंजूर! ६० लाख डॉलर. किस्सा खुद्द डार्लिंगच सांगायचा, आणि तो व्यंगचित्रकार होता, तेव्हा मीठ-मिरची किती ते तुम्ही ठरवा. पैसे मात्र खरोखर मिळाले.

याच लाटेत १९३७ साली बॉम्बे हूकची जमीन सरकारने घेतली, बरीचशी याच डक स्टॅम्पच्या पैशातून. तेव्हाचं अधिकृत नावही सरळ होतं: स्थलांतरित पाणपक्षी आश्रयस्थान. अमेरिकेत उत्तर-दक्षिण जाणारे पक्ष्यांचे चार मोठे मार्ग मानतात. अटलांटिक किनाऱ्याने जाणाऱ्या मार्गावरचा हा एक थांबा. हायवेवर ठरावीक अंतराने फूड मॉल लागतात तसं समजा. एक बंद पडला तर पुढच्यापर्यंत पेट्रोल पुरलं पाहिजे.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलली पाहिजे, कारण आपल्याकडे ती ऐकायला विचित्र वाटते. हे अभयारण्य शिकाऱ्यांच्या पैशाने उभं राहिलं, आणि आजही त्याच्या काही भागात हंगामात परवान्याने शिकार चालते. उद्याही मारायला पक्षी हवेत, म्हणून आज जागा राखा, हा त्यामागचा हिशोब. माझ्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, बोकडाला चारा घालणाऱ्याला तुम्ही प्राणिमित्र म्हणता होय! तिचं चूक नाही. पण आपल्याकडचं भरतपूर तरी काय होतं? संस्थानिकांचं बदक मारायचं तळं. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा दगडावर कोरून ठेवलाय. आज तिथे बंदूक नाही, पण तळं आहे ते त्या शौकामुळेच. मला वैयक्तिक विचाराल तर मला बंदूक आवडत नाही. पण १९३४ मध्ये खिशातला एक डॉलर काढून देणारा दुसरा कुणी नव्हता, हेही खरं.

त्याच १९३८ मध्ये बॉम्बे हूकमध्ये काम करायला माणसं आली. ही माणसं कोण होती, हे तिथली तळी बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला वाटतं.

रूझवेल्टने मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांसाठी एक योजना काढली होती, सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर, सगळे 'सीसीसी' म्हणतात. १८ ते २५ वयाची अविवाहित पोरं, लष्करासारखी छावणी, दोन वेळचं जेवण, महिन्याला ३० डॉलर पगार आणि त्यातले साधारण २५ सरळ घरी. काम: झाडं लावणे, रस्ते, बांध, उद्यानं. आपल्या रोजगार हमीची थोरली चुलत बहीण म्हणा हवं तर. या योजनेच्या कायद्यात एका कृष्णवर्णीय खासदाराने, ऑस्कर डी प्रीस्ट यांनी, एक ओळ घालून घेतली होती की वंश, रंग, धर्म यांवरून भेदभाव होणार नाही. कागदावर ओळ होती. प्रत्यक्षात १९३५ मध्ये योजनेच्या संचालकांनी हुकूम काढला: गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या छावण्या वेगळ्या. कृष्णवर्णीय कंपन्यांच्या क्रमांकापुढे 'सी' हे अक्षर जोडायचे, 'कलर्ड'मधला सी.

बॉम्बे हूकला आली ती ३२६९-सी क्रमांकाची कंपनी. १९३८ ते १९४२, चार वर्षं. या पोरांनी दलदलीतली झाडं तोडून जागा मोकळी केली, बांध घातले, गोड्या पाण्याची तळी तयार केली, हजारो झाडं लावली, कचेरी आणि निरीक्षणाचे मनोरे बांधले. रायगड-रत्नागिरीकडच्या लोकांना हे काम न सांगता कळेल. खारभूमीचा बांध घालायचा, त्याला उघाडी ठेवायची, भरतीचं खारं पाणी बाहेर आणि पावसाचं गोडं पाणी आत. आपल्याकडे बांधाच्या आत भात लावतात, तिथे बांधाच्या आत बदकांसाठी तळं राखलं. उघाडी उघडून-बंद करून पाण्याची पातळी हंगामाप्रमाणे बदलायची: वसंतात पाणी उतरवलं की चिखल उघडा पडतो, त्यात पाणगवतं उगवतात, त्यांचं बी पिकतं, मग शरदात पाणी चढवलं की ते बी खायला बदकं हजर. रेमंड, शिअरनेस, बेअर स्वॉम्प, फिनिस अशी त्या तळ्यांची नावं. सगळी मिळून साधारण १,१०० एकर. आज तिथे येणाऱ्या पक्षीनिरीक्षकांचे निम्मे फोटो या तळ्यांच्या काठावरून काढलेले असतात.

डासांनी भरलेल्या, गुडघाभर चिखलाच्या त्या खाजणात हे काम हातांनी झालं. ज्या पोरांनी ते केलं त्यांना त्या काळी डेलावेअरमध्ये गोऱ्यांच्या शाळेत शिकता येत नव्हतं, सिनेमाला वेगळं बसावं लागायचं. पक्ष्यांना सीमा नसतात, असं कौतुकाने म्हणणाऱ्या देशाने माणसांसाठी छावणीतसुद्धा सीमा आखली होती.

आणि अजून एक विरोधाभास. एकीकडे सीसीसीची माणसं बदकांसाठी तळी करत होती, आणि दुसरीकडे याच योजनेच्या इतर तुकड्या डास मारायला म्हणून डेलावेअरच्या खाजणांत सरळ रेषेत चर खणत सुटल्या होत्या, म्हणजे खाजण कोरडं करत होत्या. एकाच सरकारचे दोन हात. एक टीम फीचर बनवतेय आणि दुसरी तेच डिलीट करतेय, हे ज्यांनी ऑफिसात बघितलंय त्यांना नवल वाटणार नाही. बोर्न आणि कॉटम या दोन शास्त्रज्ञांनी डेलावेअरच्याच खाजणावर अभ्यास करून १९५० मध्ये दाखवलं की या चरांमुळे पक्ष्यांचं खाद्य कसं घटतं.

आता साठचं दशक. तोवर बॉम्बे हूक स्थिरावलेलं होतं. संकट आलं ते शेजारून. शेल या तेल कंपनीने स्मिर्ना गावाजवळ, म्हणजे अभयारण्यापासून फार लांब नाही, हजारो एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिथे तेलशुद्धीकरण कारखाना टाकायचा बेत. बाकीच्या कंपन्याही रांगेत. उपसागरात मोठी जहाजं लागतील असं तेलाचं बंदर. नोकऱ्या, कर, पैसा. विरोध करणार कोण?

विरोध केला राज्याच्या गव्हर्नरने. रसेल पीटरसन. हा माणूस पर्यावरणवाला, झोळीवाला अजिबात नव्हता. रसायनशास्त्रात पीएचडी, ड्यूपाँट या अजस्र रासायनिक कंपनीत २६ वर्षं काढलेला, रिपब्लिकन. पण पक्षी बघायचा नाद. त्याने प्रस्ताव मांडला: डेलावेअरच्या किनारपट्टीत नवा अवजड उद्योग नको. बंदी. कामगार संघटना चिडल्या, उद्योगपती चिडले. वॉशिंग्टनहून व्यापारमंत्र्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि तू देशाशी बेइमानी करतोयस असं तोंडावर सुनावलं. त्यावर पीटरसनने उत्तर दिलं की मी पुढच्या पिढ्यांशी इमान राखतोय. लोकांनी बिल्ले छापले: 'टू हेल विथ शेल'. यमक जुळतं म्हणून नव्हे, पण अशी घोषणा मिळाली की चळवळ अर्धी जिंकली जाते.

२८ जून १९७१ ला कायद्यावर सही झाली. कारखाना झाला नाही. पुढच्या वर्षी निवडणूक झाली आणि पीटरसन हरले. नंतर ते ऑड्युबॉन या पक्षीसंस्थेचे अध्यक्ष झाले. कायदा २०१७ मध्ये थोडा सैल केलाय, जुन्या औद्योगिक जागांपुरता, पण मोकळा किनारा अजून मोकळा आहे. उरणची, जेएनपीटीच्या बाजूची पाणथळं कशी एकेक करून भरावाखाली गेली हे ज्यांनी बघितलंय, त्यांनी 'नाही' म्हणणाऱ्या त्या गव्हर्नराची किंमत लगेच ओळखली असेल. तेसुद्धा सत्तेत असताना.

मग पक्ष्यांचं काय झालं? यश जरा जास्तच मिळालं. ग्रेटर स्नो गूज नावाचा एक पांढराशुभ्र कलहंस आहे, पंखांची टोकं तेवढी काळी. उत्तर ध्रुवाजवळ अंडी घालतो, हिवाळ्यात इथे येतो. १९०० च्या सुमारास जगभरात यांची संख्या फक्त दोन-तीन हजारांवर आली होती. संरक्षण मिळालं, शिवाय आजूबाजूच्या शेतांत कापणीनंतर पडलेला मका फुकट मिळाला, आणि शतक संपेपर्यंत हे पक्षी लाखांनी झाले. नोव्हेंबरात बॉम्बे हूकमध्ये एका वेळी लाखभर कलहंस उतरतात. हे ऐकायला छान वाटतं, पण हा पक्षी गवत वरून खात नाही, मुळासकट उपटतो. थवा बसून उठला की खाजणात चिखलाचा उघडा पट्टा उरतो. म्हणजे ज्याला वाचवलं तोच आता घर कुरतडतोय. त्यामुळे त्यांच्या शिकारीचे नियम उलट सैल करावे लागले.

मे महिन्यात वेगळी पाहुणेमंडळी. डेलावेअरच्या उपसागराच्या वाळूवर नालखेकडे अंडी घालायला वर येतात, आणि ती अंडी खायला किनारपक्षी. दक्षिण अमेरिकेच्या टोकाहून ध्रुवाकडे निघालेला रेड नॉट नावाचा छोटासा पक्षी इथे दोन आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि पुढे उडतो. त्यावर एक अख्खा भाग करायचाय, म्हणून आज एवढंच. १९८६ मध्ये अमेरिका खंडांतल्या किनारपक्ष्यांसाठीच्या जाळ्यातली पहिली जागा म्हणून याच उपसागराची निवड झाली आणि १९९२ मध्ये तो रामसर यादीत गेला. ठाणे खाडी त्या यादीत २०२२ मध्ये आली, म्हणजे या बाबतीत दोन्ही 'बॉम्बे' आता एका रजिस्टरमध्ये आहेत.

आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न. समुद्र वर येतोय. डेलावेअर हे अमेरिकेतलं सरासरी उंचीने सगळ्यात सखल राज्य. तिथे समुद्र चढतोय आणि शिवाय जमीन हळूहळू खचतेय. गेल्या शंभर वर्षांत पाण्याची पातळी फूटभराहून जास्त वाढलीय. खाजण एरवी स्वतःला सावरतं: भरतीबरोबर आलेला गाळ गवताच्या मुळांत अडकतो आणि जमीन थोडी-थोडी उचलली जाते. पण पाणी जास्त वेगाने चढलं तर गवत बुडून मरतं आणि तिथे उघडं पाणी होतं. बॉम्बे हूकच्या आतल्या भागात असं व्हायला लागलंय. आणि १९३८ च्या त्या पोरांनी घातलेले बांध आज दोन्हीकडून वेढले जातायत.

थोडं दक्षिणेला प्राइम हूक नावाचं दुसरं अभयारण्य आहे, तिथे हा निर्णय घ्यायची वेळ आधीच आली. वादळांनी किनाऱ्याची वाळू फोडली, गोड्या तळ्यांत खारं पाणी घुसलं, २०१२ मध्ये सँडी वादळाने उरलंसुरलं संपवलं. बांध पुन्हा बांधायचे, की सोडून द्यायचं? त्यांनी तिसरा रस्ता घेतला. गोड्या पाण्याचा नाद सोडला, सुमारे ४,००० एकरांत भरतीला पुन्हा वाट करून दिली, जुने खाडीचे फाटे खणून मोकळे केले आणि तळ्याचं पुन्हा खाजण होऊ दिलं. २०१६ मध्ये काम पूर्ण झालं, खर्च ३ कोटी ८० लाख डॉलर. जुनी सिस्टिम ठिगळं लावून चालवण्यापेक्षा बंद करून नवी उभी करणं कधीकधी शहाणपणाचं, हे मला धंद्यातून कळतं. पण बॉम्बे हूकच्या तळ्यांच्या बाबतीत माझं मन तयार होत नाही. ती तळी कुणी खणली हे माहीत झाल्यावर तर नाहीच. पाण्याला अर्थात त्याचं काही देणंघेणं नाही.

तिकडे जाणार असाल तर नोव्हेंबर-डिसेंबर गाठा. १२ मैलांचा कच्चा रस्ता तळ्यांच्या कडेने फिरतो, गाडीतूनच सगळं दिसतं. गाडी हीच लपण, खाली उतरलात तर पक्षी उडतात. प्रवेशाला तो २५ डॉलरचा डक स्टॅम्प पास म्हणून चालतो, बंदूक असायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र चुकूनही काच खाली करू नका. हिरव्या डोळ्यांची एक गोमाशी असते तिथे, रक्त काढते, आणि ती कुणाचाच कायदा मानत नाही. न्यू जर्सी मंडळातल्या कुणी हिवाळ्यात चक्कर मारली तर कलहंसांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाजवतो.